डावीकडच्या खांबापाशी

११ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहोत. हे आधीच लिहिते, कारण आपल्या घरातून तुला वेळेवर बातमी मिळत नाही असं तुझं म्हणणं आहे आणि ते खोटं आहे असं मी कधी म्हटलेलं नाही.

दादाच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. अर्धं स्वरयंत्र वाचवता येईल असं डॉक्टरीणबाईंना वाटत होतं, पण आत गेल्यावर सगळंच काढावं लागलं. गळ्याच्या खालच्या बाजूला भोक ठेवलंय, त्यातून तो श्वास घेतो. त्यावर पातळ कापड बांधलेलं असतं. आता तो माझ्याकडेच असतो, मागच्या खोलीत. बोलायचं असेल तर लहान मुलांची ती पाटी असते ना, पट्टी सरकवली की पुसली जाणारी, तिच्यावर लिहितो. खडूची पाटी चालत नाही, खडूची भुकटी गळ्यात जाते. नाकाने श्वास नाही म्हणून वासही येत नाही. परवा त्याच्यासमोर दूध उतू गेलं ते दिसल्यावरच त्याला कळलं. मला हाक मारता येईना, तर त्याने डब्यावर चमचा आपटला. मी धावत गेले तेव्हा ओट्यापासून चार हात लांब उभा होता, गुन्हा केल्यासारखा.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या बोटीवर फोन लागत नाही आणि तू केलास तर नंबर उमटत नाही. म्हणून तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर लिहिते. कुठल्या तरी बंदरात मिळेल.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात दादाने शेवटचा कार्यक्रम केला. तारीख मी तुला कळवली होती. तू 'बघतो' असं मोघम उत्तर दिलं होतंस आणि तुमची बोट त्याच सुमाराला आपल्या बंदरात लागणार आहे असंही त्यात होतं. मी पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर नाहीच म्हणेल.

आता खरं काम. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग झालंच नाही. सभागृहाच्या साउंडवाल्याने सगळा वेळ यंत्र चालू ठेवलं होतं, पण मिक्सरची वायर जोडलेलीच नव्हती. दोन तासांची शांतता रेकॉर्ड झाली. ढब्बू तर रडायचाच बाकी होता. तुझ्यानंतर गिटारला दोघं-तिघं आले नि गेले, पण ड्रमवर अजून तोच आहे. शेवटी त्यानेच चाहत्यांना आवाहन केलं, की ज्यांनी ज्यांनी फोनवर शूटिंग केलं असेल त्यांनी आम्हाला पाठवा. आणि माणसं पाठवतायत, बारक्या. कोणी एक गाणं, कोणी अर्धं. एकाने नुसते स्वतःचे बूट पाठवलेत, फोन खाली सोडलेल्या हातात चालू राहिला होता.

हे सगळं जोडायचं काम माझ्याकडे आलंय. जन्मभर लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडले, आता हे.

एक विचारायचं आहे. काल दादाने पाटीवर लिहिलं : 'तो आला होता. डावीकडच्या खांबापाशी उभा होता. जिन्याचं गाणं त्याच्याकडे बघूनच म्हटलं.' मग पुसून, 'तुला भेटला का?'

मी नाही म्हटलं. तू होतास का? हो किंवा नाही, एवढंच कळव.

तुझी ताई


३ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही. समुद्रात असशील.

काम बरंच पुढे गेलंय. सुरुवातीला वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं. प्रत्येकाचा फोन वेगळा, प्रत्येकाने वेगळ्या वेळी चालू केलेला. कोण कुठल्या क्षणाला कुठे होतं ते जुळवायचं कसं? मग ढब्बूच्या काड्या कामाला आल्या. प्रत्येक गाण्याआधी तो दोन काड्या एकमेकींवर वाजवून मोजतो ना, तो आवाज सगळ्यांच्या फोनात स्वच्छ आलाय, बुटांच्यासुद्धा. काडीवर काडी ठेवत गेले आणि एकेक गाणं जुळत गेलं. आता पडद्यावर दादा एकाच वेळी समोरून, बाल्कनीतून, कोणाच्या तरी डोक्याआडून दिसतो. तुला बघायला आवडलं असतं. आपल्या सुरुवातीच्या कार्यक्रमांना तर आई एकटीच बघायला असायची, तीही कानात बोटं घालून.

पण खरी पंचाईत आवाजाची आहे. ज्याच्या हातात फोन, तोच गातोय. भान हरपून गातात लोक, आणि फोनला काय, जवळचा आवाज मोठा. दादाचा शेवटचा आवाज आणि त्यावर कोणी तरी बेसूर भसाडा. मी एकेक क्लिप उघडते, आशेने कान लावते, की सुरू. एका मुलीने तर सगळ्या गाण्यांत एक ओळ आधीच म्हटलीय. राग येतो आणि रागावताही येत नाही. त्यांनी प्रेमापोटीच गायलंय.

दादाला सांगितलं तर त्याने लिहिलं, 'राहू दे. तेच गाणार आहेत आता.'

मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले ती बराच वेळ आत आले नाही.

सगळ्यात अवघड झालं तुझं जिन्याचं गाणं. आईने गिटारसकट घराबाहेर काढल्यावर जिन्यावर बसून तू जे रचलंस ते. ते सुरू झालं की सभागृहातलं कोणी गप्प बसत नाही, तुला माहीत आहे. तू बँड सोडल्यापासून दादा ते म्हणतच नव्हता. लोक ओरडून मागायचे, तो मान हलवायचा. त्या दिवशी मात्र त्याने स्वतःहून म्हटलं. त्या गाण्याच्या जेवढ्या क्लिप आल्या त्या सगळ्यांत नुसता जमाव ऐकू येतो.

आणि सगळ्यांत दादाची मान डावीकडे वळलेली आहे. समोर एवढे लोक, पण तो पूर्ण गाणं एकाच जागी बघून म्हणतोय. तो खांब मात्र अजून एकाही क्लिपमध्ये आलेला नाही. तिथे कोण होतं ते दिसत नाही.

दादा रोज दुपारी माझ्या मागे खुर्ची घेऊन बसतो आणि बघतो. काही विचारत नाही. पण पडद्यावर डावी बाजू आली की पुढे सरकतो.

तू कळवलंस तर बरं होईल. मला शोधायला लावू नकोस.

ताई


२२ मार्च

बारक्या,

आता तू कळवायची गरज नाही. खांब सापडला.

बाल्कनीत बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीने सबंध सभागृह दिसेल असं शूटिंग केलंय. जिन्याच्या गाण्याच्या वेळी दिवे लोकांवर फिरतात, तेव्हा खांब उजळतो. तिथे एक उंच माणूस टेकून उभा आहे. निळं जाकीट, तुझ्यासारखे मागे वळवलेले केस, आणि उभं राहायची पद्धतही तशीच, एका पायावर भार देऊन. हातात फोन धरलेला. मी चित्र थांबवून मोठं केलं, फुटलं, पुन्हा लहान केलं. मग गाणं संपल्यावर तो शेजारच्या पोरीशी बोलायला वळला आणि दिव्यात त्याचा चेहरा आला.

तू नव्हतास. चांगला पन्नाशीचा चष्मेवाला माणूस आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण त्याच्या हातात फोन होता ना, म्हणून ढब्बूने पुन्हा आवाहन केलं, खांबापाशी निळ्या जाकिटात कोण होतं. त्याच्या मुलीने ओळखलं आणि क्लिप पाठवून दिली. मी त्या गृहस्थांशी फोनवर बोलले. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. मुलीला एकटीला पाठवायचं नाही म्हणून आले होते.

"मला गाण्यातलं काही कळत नाही हो," ते म्हणाले. "गुडघा दुखतो म्हणून खांब धरला. मुलगी म्हणाली, बाबा, फोन तुम्ही धरा, तुमचा हात हलत नाही."

मी विचारलं, "तुम्ही गात नव्हतात?"

"येत असतं तर गायलो असतो. सगळेच गात होते." मग म्हणाले, "एक सांगू का ताई, ते गृहस्थ पूर्ण गाणं माझ्याकडेच बघून म्हणत होते. मला फार अवघडल्यासारखं झालं. ओळख ना पाळख. पण नजर काढून घेतली तर त्यांना वाईट वाटेल असं वाटलं. म्हणून उभा राहिलो."

बारक्या, सगळ्या सभागृहात ज्या एका माणसाला गाणं येत नव्हतं त्याच्याच फोनात दादाचा आवाज स्वच्छ आहे. शब्द न् शब्द. दुसऱ्या कडव्यात वरच्या पट्टीत आवाज फाटतो तो, मग तो सावरून खालून घेतो तो, सगळं. आणि दादा सरळ आपल्याकडे बघतोय. चष्मेवाल्यांचा हात खरंच हलत नाही. गाण्यातली जी ओळ तू त्याला चिडवायला घातली होतीस, थोरला धाकट्याच्या वाटचंही खाऊन घेतो ही, ती म्हणताना तो हसला आणि त्याने भुवई उडवली. तुझ्यासाठी.

त्या गाण्याचं मेमरी कार्ड या पाकिटात घातलं आहे. एकटा असताना बघ.

दादाला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. ही क्लिप आली तेव्हा तो झोपला होता. पूर्ण व्हिडिओ तयार झाल्यावर एकदमच दाखवीन. तेव्हा तो विचारणारच, हे कोणी काढलं. काय सांगायचं ते ठरत नाही.

ताई


९ एप्रिल

बारक्या,

दादाला व्हिडिओ दाखवला. ढब्बूही आला होता. दादाने दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्यावरचं कापडही नवं बांधलं. स्वतःच्या कार्यक्रमाला निघाल्यासारखा.

सुरुवातीची गाणी त्याने मांडीवर ठेका धरून बघितली. जिन्याचं गाणं आलं, पडदाभर त्याचा चेहरा आला, आणि त्याचा हात थांबला. गाणं संपल्यावर पाटी ओढली. 'हे कोणी काढलं?'

मी म्हटलं, "बारक्याने. त्यानेच पाठवलं."

ढब्बूने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

दादाचा चेहरा तू बघायला हवा होतास. पुन्हा लाव, असं बोटाने दाखवलं. पुन्हा लावलं. पुन्हा एकदा. ऑपरेशन झाल्यापासून त्याला इतकं खुललेलं मी बघितलं नव्हतं. मला वाटलं, झालं तर मग, यात कोणाचं काय गेलं. ढब्बू निघाला तेव्हा त्याला दारापर्यंत सोडायला मी गेले. परत आले तर दादा पाटी मांडीवर घेऊन बसला होता. लिहिलं होतं : 'एवढ्या जवळ होता. मग आत भेटायला का नाही आला?'

मी म्हटलं, "बोट सुटायची असेल."

त्याने पुसलं. लिहिलं, 'अजून एवढा राग?'

तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी हलवलं तर पाटीही घेईना. मला काय ठाऊक? मला वाटलं होतं तू आलास एवढ्यानेच तो सुखी होईल. तू आलास, ऐकलंस आणि न भेटता गेलास, हे त्याच्या मनात कसं रुतेल ते मला सुचलंच नाही. तू न येण्याचं दुःख त्याच्या सवयीचं होतं. मी त्याला नवं दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या पलंगावर बसले आणि खरं ते सांगून टाकलं. निळं जाकीट, गुडघा, मुलगी, चष्म्याचं दुकान. "तो बारक्या नव्हता दादा. बारक्या आलाच नव्हता."

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तर हसत होता. आता त्याचं हसू तोंडातून येत नाही, गळ्यातून नुसती हवा फुसफुसते. बराच वेळ फुसफुसला. मग पाटीवर लिहिलं, 'चष्मेवाला?' आणि खाली, 'बिचारा.'

मग पुसून लिहिलं, 'बरं झालं. नव्हताच.'

मी चहा केला. तो फुंकू शकत नाही म्हणून मी बशीत ओतून थांबले. तेव्हा त्याने पुन्हा पाटी घेतली आणि आई गेली त्या दिवसाचं लिहिलं. इतक्या वर्षांत त्याने त्याबद्दल माझ्याशी एक अवाक्षर काढलं नव्हतं. लिहिलं ते असं : 'मलाही तेव्हा वाटलं, दोन तास तरी त्याला सुखाचे मिळू देत.'

तो फोन मीच केला होता, तू जाणतोस. तुम्ही परगावी स्टेजच्या मागे उभे होतात. आई गेली, असं मी दादाला सांगितलं आणि त्याने फोन खिशात टाकला, तुझ्यासोबत पूर्ण कार्यक्रम केला आणि लोक गेल्यावर तुला सांगितलं. त्या दिवशी तू स्टेजवरून लोकांत उडी मारली होतीस. आई तिकडे निजवलेली आणि मी इकडे उड्या मारत होतो, हेच तू मला पुन्हा पुन्हा म्हणाला होतास.

मी दादाची वकिली करत नाहीये. तीन दिवस एक गोष्ट पोटात ठेवून मी त्याच्यासमोर वावरले, त्याला वाढलं, त्याची उशी सरळ केली. करणाऱ्याला त्यात चांगलंच दिसत असतं, एवढं मला आता माहीत आहे. आणि ज्याच्यापासून ठेवलं त्याचं काय होतं तेही मी त्या पलंगावर बघितलं. तुझा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही.

व्हिडिओ परवा ढब्बूने लोकांसाठी टाकला. शेवटी ज्यांनी ज्यांनी क्लिपा पाठवल्या त्यांची नावं दिली आहेत. त्यात तुझं नाव नाही. दादानेच तपासून घेतलं.

ताई


३० एप्रिल

बारक्या,

तू फोन केलास. इकडे काय झालं ते सांगते, कारण तुला ते कळणं शक्य नव्हतं.

मी औषधं आणायला गेले होते. घरचा फोन वाजला की दादाने उचलायचा नाही असं आमचं ठरलेलं आहे, उचलून करणार काय? पण परवा वाजत राहिला आणि का कोण जाणे, त्याने उचलला. मी आले तेव्हा तो फोनच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसला होता, रिसीव्हर हातात, आणि आतून नुसतं टूं टूं चाललं होतं. समोर पाटी होती. पुसलं जाईल म्हणून त्याने ती पालथीही घातली नव्हती, हात लावू नकोस असं मला दुरूनच खुणावलं. त्यावर तू बोललेलं सगळं लिहून ठेवलं होतं.

'हॅलो. ताई, मी. पत्रं मिळाली, चारही एकदम. गाणं बघितलं.'

मग, 'ताई? बोल ना.'

मग, 'रागावलीस. बरोबर आहे.'

त्याखाली रेघ ओढली होती आणि खाली एकच ओळ : 'ठेवतो.'

मी विचारलं, ही रेघ कसली? तर त्याने करून दाखवलं. तू 'रागावलीस' म्हणालास तेव्हा त्याला राहवेना. तोंडातून तर श्वासही येत नाही, म्हणून त्याने गळ्यावरचं कापड बाजूला केलं आणि रिसीव्हर खाली नेऊन गळ्याच्या भोकाशी धरला, निदान श्वास तरी तुला ऐकू यावा, कोणी तरी आहे एवढं तरी कळावं. तेवढा वेळ रिसीव्हर कानापाशी नव्हता. तू बोलत होतास हे त्याला कळत होतं, बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पुन्हा कानाशी नेला तेव्हा तू ठेवतो म्हणालास.

तू मधे काय म्हणालास ते त्याला ठाऊक नाही. तेव्हापासून ती पाटी त्याने पुसलेली नाही. माझ्याशी बोलायला जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहितो.

मी रागावलेली नाही. आणि फोनवर मी नव्हतेच, हे आता तुला कळलं.

आणखी एक. मानेच्या उजव्या बाजूला पुन्हा गाठ आली आहे. काल दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं तर दादा माझ्या मागोमाग उठून आला, म्हणून त्यांनी दोघांनाही सांगितलं. आता कापाकापी करण्यात अर्थ नाही. त्रास होणार नाही एवढं बघू, त्यांना जे हवं ते करू द्या. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. बातमी काल कळली, आज तुला लिहिते आहे. हे पत्र लिहिते हे दादाला माहीत आहे. तू ये म्हणून लिहू का, असं मी विचारलं. त्याने कडेला लिहिलं, 'बोटीवरून उडी मारेल. नको.' मग खूप वेळाने त्याच्याच खाली, 'फोन कर म्हण.'

तेव्हा फोन कर. रविवारी दुपारी कर, कुठल्याही रविवारी. मी मुद्दाम घरात नसेन, ढब्बूच्या बायकोकडे जाऊन बसेन. फोन तोच उचलेल. तुझ्या 'हॅलो'ला कोणी 'हॅलो' म्हणणार नाही. ठेवू नकोस. हवेसारखं काही ऐकू आलं तर तो गळ्याशी धरून बसलाय असं समज, तेवढं थांब, आणि मग पुन्हा बोल. परवा मधे जे म्हणालास, ते आधी सांग.

तुझी ताई